तिठ्यावरचा चोथा

...तर ती बाई दोन हातांत दोन पुड्या धरून दुकानाच्या मधोमध उभी, आणि हलायला तयार नाही. तेलाच्या घाण्यावाल्याची सून हो, जुळ्यांची आई. काल बोलता बोलता तिच्यापाशीच तर थांबलो होतो. दोन्ही पोरं एका दिवशी जन्मली, एका ताटात जेवतात, एका दिवशी खोकायला लागली. आणि गोंग मावशीने एकाच्या पुडीत सुंठ नि दालचिनी बांधली, दुसऱ्याच्या पुडीत शेवंतीची फुलं नि पुदिना. एकाला गरम, एकाला थंड.

"मावशी, तुझी चूक झाली बघ. खोकला एकच आहे."

"खोकला एक आहे, पोरं दोन आहेत," मावशी सूर्यफुलाच्या बिया फोडत म्हणाली. "थोरला झोपेत पांघरूण ओढून घेतो आणि धाकटा लाथाडतो. खरं की नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांच्या जिभांनी. एकीवर साय धरल्यासारखं पांढरं, दुसरी मिरचीसारखी लाल. आता घरी जा, आणि दोन्ही पुड्या एका मडक्यात उकळू नकोस."

बाईने मान डोलावली, घरी गेली, आणि दोन्ही पुड्या एका मडक्यात उकळल्या. कोळसा वाचतो म्हणून. पोरांना काही झालं नाही. खोकलाही गेला नाही. मग पुन्हा मावशीकडे आली तेव्हा मावशीने तिला आधी बसवलं, पेलाभर चहा पाजला आणि मग तिच्या सात पिढ्यांच्या काटकसरीचा असा उद्धार केला, की समोरच्या चहाखान्यात आम्ही म्हातारे पत्ते खाली ठेवून ऐकत बसलो.

गोंग मावशी ही अशी. आमच्या शिखोउ गावात तिच्या बापाचं औषधाचं दुकान होतं, ते तिने चालवलं. बुटकी, गोल चेहऱ्याची, नाकावर चष्मा, आणि पाठीमागे छतापर्यंत लाकडी खणांची भिंत. खणांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या, पण त्यावरची अक्षरं केव्हाच उडून गेलेली. ती न बघता हात मागे टाकायची आणि हवा तो खण ओढायची. तागडीत जिन्नस टाकायची, काढायची, पुन्हा चिमूटभर टाकायची. कुणी म्हटलं, "मावशी, त्या लोहाराला दिलंस तेच मला दे, त्याला गुण आला," तर म्हणायची, "त्याची बायकोही त्याला गुणाची मिळालीये. तीही देऊ का?"

तिच्यासमोर बसलं की मनगट उशीवर ठेवायचं आणि उत्तरं द्यायची. पाणी गार प्यावंसं वाटतं की कोमट? घाम कपाळाला येतो की तळव्यांना? कुठल्या कुशीवर झोपतोस? शेवटचं भांडण कुणाशी झालं? लोहार एकदा वैतागला. "मावशी, माझा पाय मुरगळलाय. भांडणाचा काय संबंध?"

"पाय लाथ मारताना मुरगळला की पळताना, ते कळायला नको?"

पळतानाच मुरगळला होता. बायको मागे होती.

पण इतकं सगळं विचारून घेतलं, तरी एकाचं दुसऱ्याला कधी कळायचं नाही. तोंडाला कुलूप. तिचा नवरा भला माणूस, मागच्या अंगणात साली वाळवायचा, मुळ्या कापायचा. रोज संध्याकाळी ती त्याला वाटीभर काढा द्यायची. आम्ही एकदा विचारलं, "काय झालंय रे तुला?" तर म्हणाला, "कुणास ठाऊक. मी विचारलं होतं. म्हणाली, रोग्याची गोष्ट मी कुणाला सांगत नाही."

आता ती सांगत नसली तरी गावाला कळायचं राहत नसे, कारण चोथा. काढा गाळून झाला की खाली उरलेला चोथा आमच्याकडे घरात ठेवत नाहीत. रस्त्यावर टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तुडवला गेला, की दुखणं त्यांच्याबरोबर निघून जातं म्हणतात. कुणाच्या पायाबरोबर कुठं जातं, ते कुणी विचारत नाही. मावशी या समजुतीला हसायची, पण टाका मात्र रस्त्यावरच म्हणायची. "कुणी जाणता वाटेनं गेला आणि माझी चूक त्याला दिसली, तर बरंच की."

जाणते काय, आमची अख्खी गल्लीच जाणती. लहानपणापासून काढे पिऊन सगळ्यांना पाला न् पाला ओळखता येतो. न्ये आजी तर सकाळी छत्री घेऊन फेरी मारायची, पाऊस असो नसो. छत्रीच्या टोकाने प्रत्येक चोथा उकरायची आणि चहाखान्यात येऊन जाहीर करायची, कुणाची सून दोन जिवांची आहे, कुणाचं पोट साफ होत नाही, कुणाला झोप नाही.

आणि दुसरं म्हणजे मडकं. काढ्याचं मडकं मागून न्यावं, पण परत करू नये. परत नेऊन देणं म्हणजे दुखणं त्या घरात पोचतं करणं. पुढं ज्याला लागेल त्याने यायचं आणि घेऊन जायचं. आमच्या गल्लीत एक बसक्या पोटाचं, आखूड दांड्याचं काळं मडकं होतं, ते असंच घराघरातून फिरायचं. मुळात विकत कुणी घेतलं होतं, आठवत नाही. नवं मडकं दुकानात मिळायचं, पण आपल्या पैशाने आजाराला घर बांधून द्यायची हौस कुणाला? लोक सरळ विचारायचे, "मडकं सध्या कुणाकडे आहे?" म्हणजे सध्या आजारी कोण आहे.

हे एवढं सांगितल्याशिवाय दुआनच्या फजितीत मजा नाही. दुआन म्हणजे आमचा केस कापणारा. कान कोरण्यात त्याचा हात नदीच्या दोन्ही काठांवर कुणी धरत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगी लग्न होऊन लांब गेलेली. आणि बाजारात टोफू विकणारी शियांग, तीही एकटी. तिचा मऊ टोफू आणि वर लाल तिखट तेल. दुआन सकाळी एक वाडगा खायचा, दुपारी एक खायचा. टोफू एवढा कुणी खात नाही. आमच्या हिने ते बरोबर हेरलं. लग्नं जुळवायचा तिला नाद. गेली शियांगकडे.

शियांग हिला म्हणाली, "वहिनी, माणूस घोरणारा असो, चिडका असो, चालेल. पण काढ्याचं मडकं घेऊन येणारा नको. एकाचं मी सगळं केलं. आधी टोफूची चूल, मग काढ्याची चूल, पुन्हा टोफूची चूल. अंगाला तोच वास. शेवटी शेवटी मला माझ्या टोफूचीही चव कळेना. ते गेले त्या दिवशी मी मडकं फोडलं. आता पुन्हा कुणाचं आजारपण काढायचं त्राण नाही माझ्यात. धडधाकट असेल तर बोला."

ही तडक दुआनकडे. "तब्येत कशी आहे तुझी?"

"घोड्यासारखी!" दुआन म्हणाला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, पण हिला वाटलं रुबाबात ठेवलाय.

खरी गोष्ट अशी, की आयुष्यभर खुर्चीमागे उभं राहून त्याची कंबर गेली होती. पायाची बोटं गार पडायची, कानात रातकिडे ओरडायचे. त्याच्या आदल्या आठवड्यातच तो मागच्या दाराने मावशीकडे जाऊन आला होता. मावशीने त्याला कमरेचं, बळाचं असं बांधून दिलं होतं. त्यात दूझोंगची साल. ही साल मोडली की आतून रेशमासारखे पांढरे धागे निघतात, आंधळ्यालाही बोटाने ओळखता येते. आणि ती पुरुषाला कशासाठी देतात असं विचारलं, तर आमच्या गावात कंबर कुणाच्या मनातही येत नाही, थेट पलंग येतो.

मडकं त्याआधी तिआन म्हातारीकडे होतं. ती लेकाकडे शहरात राहायला गेली, जाताना मडकं मागच्या पायरीवर ठेवून गेली, लागेल त्याने न्यावं म्हणून. ते दुआनने उचललं. कुणी पाहिलं नाही. आता उकळणं दार लावून करता येतं, पण चोथा? घरात ठेवला तर दुखणं घरात. आपल्या दारात टाकला तर न्ये आजीची छत्री. म्हणून हा शहाणा माणूस पहाटे उठायचा, चोथा फडक्यात बांधून गावाच्या वरच्या अंगाला तिठ्यावर जायचा, आणि वेन मास्तरांच्या दारासमोर टाकून यायचा.

वेन मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे जुने मास्तर. ऐंशी पार केलेले, काठी टेकत चालणारे, एकटे.

पहिल्या दिवशी न्ये आजी चहाखान्यात आली ती हसून हसून वाकलेली. "धागे! अगं बाई, धागे! मास्तरांच्या दारात दूझोंगची साल! शिवाय लवंगा, दालचिनी आणि आणखी काय काय!"

"या वयात?"

"या वयात म्हणूनच तर!"

मास्तर चहाला आले तेव्हा सगळ्यांनी तोंडं पेल्यात घातली. मग लोहार म्हणाला, "मास्तर, आज चेहरा उजळलाय. कोण आहे ती?" मास्तरांना आधी काही उमजेना. उमजल्यावर ते रागावतील असं आम्हाला वाटलं. तर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काही गोष्टी विचारायच्या नसतात."

बस्स! दुसऱ्या दिवशी नवी टोपी. तिसऱ्या दिवशी काठी घरी राहिली. बायका दारात उभ्या राहून त्यांना बघायच्या, आणि मास्तर खाकरून जायचे. एका शेंगदाणेवाल्या विधवेने तर त्यांना वरून मूठभर शेंगदाणे जास्त घातले. मास्तर गोंग मावशीकडेही जाऊन आले म्हणतात. हळूच म्हणाले, "ते लोक ज्याबद्दल बोलताहेत, ते मला खरोखरच मिळेल का?" मावशीने नाडी बघितली आणि अपचनाची पुडी दिली. शेंगदाणे बाधले होते.

इकडे लग्नाची बोलणी पुढं सरकत नव्हती. शियांग म्हणायची, "वहिनी, तुमच्यावर विश्वास आहे. पण माणूस स्वतःच्या तोंडाने घोडा म्हणवतो, त्याला काय अर्थ? माझे हेही म्हणायचेच. गोंग मावशीला विचारू. तिने हो म्हटलं की मी हो म्हणेन."

दोघी गेल्या. आमची ही सगळं ऐकून आली, म्हणून मला माहीत.

"मावशी, दुआन उस्तादांची तब्येत कशी आहे?"

"त्यांना विचार."

"ते चांगली म्हणतात."

"मग झालं."

"तसं नाही, मावशी. तू सांग. माझ्या जन्माचा प्रश्न आहे. ठीक आहे, की नाही? मान हलव नुसती."

मावशीने मान हलवली नाही. बी फोडली, टरफल टाकलं. "पोरी, लोकांची नाडी माझ्या बोटांना सांगते. तोंडापर्यंत ते येत नाही."

शियांगचा चेहरा उतरला. ठीक असता तर ठीक म्हणायला काय जात होतं, असं तिला वाटलं असणार. आमच्या हिलाही तसंच वाटलं, आणि ती मनातल्या मनात दुआनला शिव्या घालायला लागली. शियांग उठली. उठताना तिने टेबलाच्या कडेला हात टेकला आणि ओठ चावला.

"बस खाली," मावशी म्हणाली. "मनगट इकडे दे."

"मला काही झालेलं नाही."

"झालेलं नसेल तर मनगट द्यायला काय जातंय?"

मग प्रश्न. पहाटे ओल्या फरशीवर उभी असतेस ना? पावलं गार असतात? पायऱ्या चढताना आधी कुठला पाय टाकतेस? रडतेस कधी? "रडत नाही," शियांग म्हणाली, आणि आमच्या हिने सांगितलं, की म्हणता म्हणता बाही डोळ्यांना गेली. दोन्ही गुडघे सुजले होते. वर्षभरापासून. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण औषध हा शब्दच तिला नको होता.

मावशीने खण ओढले, तागडीत टाकलं, काढलं, कागद पसरून पुड्या बांधल्या. "मंद आचेवर. आधी भिजवून."

"मडकं फोडलं मी माझं."

"मग गल्लीचं शोध. कुणाकडे तरी असेलच."

कुणाकडे असेल हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वेन मास्तरांकडे! शियांग लंगडत वरच्या तिठ्यावर गेली, दार वाजवलं. मास्तर नवी टोपी घालूनच बाहेर आले.

"मास्तर, मडकं न्यायला आलेय."

"मडकं," मास्तर म्हणाले. "मडकं ना? हो हो. पण ते आत्ता विस्तवावर आहे."

"मी थांबते."

"फार वेळ लागेल. माझा काढा जरा जास्तच ताकदीचा आहे."

"थांबते मी. गुडघे दुखताहेत, बसू का इथं?"

ती उंबऱ्यावर बसली. आतून ना धूर, ना वास. बराच वेळ मास्तर आत गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. शेवटी तिच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पोरी, आवाज हळू ठेव. माझ्याकडे मडकं नाही."

"मग हा चोथा कुणाचा?"

"माझ्या दारात पडतो. मी नाही टाकत. लोकांनी ठरवलं माझा, मी नाही म्हणालो नाही." टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "शाळा सुटल्यापासून माझ्याबद्दल गावात कुणी काही बोललंच नव्हतं गं."

शियांगला हसू आलं, पण ते तिने गिळलं. उठून ती तिठ्यावर गेली, वाकली, आणि त्या दिवसाचा चोथा काडीने उलगडला. इतके दिवस न्ये आजीची छत्री नुसती वरवर फिरायची. शियांगने मात्र वर्षानुवर्षं चोथे स्वतःच्या हाताने टाकले होते. सालीचा एक तुकडा तिने उचलून उजेडात धरला. पांढऱ्या धाग्यांमध्ये बारीक बारीक केस अडकले होते. काळे, पांढरे, राखाडी. एका डोक्याचे नव्हते ते.

त्या वेळी मी कुठं होतो? दुआनच्या खुर्चीत. डावा कान झाला होता, उजव्या कानात कोरणी होती. अशा वेळी माणसाला मान वळवता येत नाही, म्हणून मी सगळं आरशात बघितलं. शियांग दारात आली. तिने तो सालीचा तुकडा आरशाखालच्या फळीवर, वस्तऱ्याच्या शेजारी ठेवला.

"उस्ताद, यांचा कान झाला की मडकं द्या."

दुआनचा हात थांबला. कोरणी माझ्या कानातच. मी म्हणालो, "दुआन, काय बोलायचं ते नंतर बोल. आधी हात बाहेर काढ." त्याने काढला, आणि मला पुरतं विसरून गेला.

"कुठलं मडकं?" तो म्हणाला.

"ज्यातल्या सालीला तुमच्या गिऱ्हाइकांचे केस चिकटतात, ते."

दुआनने तुकड्याकडे बघितलं, मग झाडूकडे बघितलं, जणू सगळी चूक झाडूची. मी आरशात त्याचं तोंड बघत होतो. माणूस फाशी जाताना असा दिसत असावा. मला वाटलं, आता म्हणेल कंबर धरलीय, बाकी काही नाही. किंवा म्हणेल मास्तरांचंच असेल. काहीतरी रचेल.

तो म्हणाला, "तुम्हाला मडकं कशाला लागतंय?"

"औषध उकळायला. आणखी कशाला?"

"तुम्हाला? काय होतंय?"

"गुडघे."

"कधीपासून? म्हणजे तेव्हापासून, तुम्ही कावड डाव्या खांद्यावर घ्यायला लागलात तेव्हापासून? मला वाटलंच होतं. त्या बाजाराच्या पायऱ्या. सुजलेत का? बसा आधी. अहो, उठा की!"

हे शेवटचं मला. मी मानेभोवतीच्या फडक्यासकट उठलो. शियांग खुर्चीत बसली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आरशातूनही नीट वाचता आलं नाही. आपण कावड कुठल्या खांद्यावर घेतो हे कुणी बघत असेल, असं तिला वाटलं नसावं.

दुआन आतून मडकं घेऊन आला. तिने ते हातात घेतलं, आत बघितलं, नाकाशी नेलं.

"करपवलंय."

"हो."

"कोण उकळतं?"

"मीच. दुसरं कोण?"

"आधी किती वेळ भिजवता?"

"भिजवायचं असतं?"

आणि शियांग हसायला लागली. मडकं मांडीवर घेऊन हसली, हसता हसता डोळे पुसले. मग गंभीर झाली. "उस्ताद, मी वहिनींना सांगितलं होतं, माझ्या चुलीवर आता औषध नको."

"तुमच्या चुलीवर कशाला?" दुआन म्हणाला. "माझ्या चुलीवर उकळतो ना. तुमचं आधी, मग मडकं धुऊन माझं."

"करपवाल."

"करपवीन. पण तुम्हाला त्यासाठी टोफू सोडून उठावं नाही लागणार."

तिने मडकं उचललं, सालीचा तुकडाही उचलला, आणि गेली. दुआन तसाच उभा. मी म्हणालो, "अरे, उजवा कान?" तो म्हणाला, "काका, तुम्ही डाव्यानेच ऐका आज."

आता पंचाईत बघा. मडकं शियांगकडे, दुआनचा काढा तर अजून बाकी. आणि मडकं परत करायचं नसतं! म्हणून दुसऱ्या दिवशी त्याला तिच्या घरी जावं लागलं, न्यायला. त्याचं झाल्यावर तिला त्याच्याकडे यावं लागलं, न्यायला. कुणी कुणाला नेऊन द्यायचं नाही, प्रत्येकाने आपलं आपण जायचं. लोहार चहाखान्यातून ओरडायचा, "उस्ताद, मडकं आणायला चाललात की ठेवायला?" न्ये आजीने छत्री घरी ठेवली, उकरण्यासारखं काही उरलं नव्हतं, सगळं डोळ्यांसमोर चाललेलं. वेन मास्तरांनी मात्र दुआनला बोलावून दम भरला, की चोथा वरच्या तिठ्यावरच टाकत जा, सवय झालीये.

ही ये-जा चालली. मध्ये एकदा दुआन मडकं न्यायला गेला तेव्हा शियांगने त्याला भिजवायचं कसं ते शिकवलं. एकदा त्याने तिचा काढा उकळून वाटी बाजारात, तिच्या पाटीपाशी नेऊन दिली. करपलेला नव्हता म्हणतात. तिने उभ्यानेच प्यायला, ओठ पुसले आणि त्याला म्हणाली, "रोज ने-आण करून मडकं फुटेल एखाद्या दिवशी. एका जागी राहू दे."

"कुठल्या?"

"तुमच्या चुलीवर. आणि माझा पलंग त्या भिंतीला लावायचा, जिथं ऊन येतं. गुडघ्यांसाठी."

झालं लग्न. टोफू पोटभर, तिखट तेल डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

आमच्या हिला श्रेय मिळालं, लाल कागदातली मिठाई मिळाली, पण तिच्या पोटात एक गोष्ट डाचत राहिली. जेवणाच्या दिवशी तिने गोंग मावशीला कोपऱ्यात गाठलंच. मी शेजारीच होतो, यावेळी दोन्ही कान मोकळे.

"मावशी, आता लग्न झालंय. आता तरी सांग. तुझ्या दुकानात वरच्या फळीवर नवी मडकी मांडलेली असतात, विकायला. तिला त्यातलं एक द्यायचं सोडून गावभर फिरवलंस. मडकं दुआनकडे आहे हे तुला माहीत होतं. आणि ती बघून उलट्या पावली फिरली असती तर? तिच्या नाडीत असं काय सापडलं होतं तुला, की तू तिला बेधडक पाठवलंस?"

मावशीने वाडगा खाली ठेवला, चष्मा नाकावर सरकवला, आमच्या हिच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "जीभ दाखव. अगदी बाहेर काढ. वाटलंच होतं मला, कोरडी पडलीये. महिनाभर लोकांच्या चौकशा करून दुसरं काय होणार? दुसऱ्याच्या नाडीचं मी सांगत नसते, तुझं मात्र तुला सांगते: उद्या दुकानात ये, शेवंती, पुदिना आणि थोडं ज्येष्ठमध बांधून ठेवते. आणि मडकं त्या दोघांच्या घरी जाऊन माग, पण जरा जपून माग, ते आता सहजी सोडायचे नाहीत."